आधी पॉलिसी की आधी तपासणी?

प्रश्न, वडोदऱ्याहून: सहा वर्षांच्या मुलीचा डावा गुडघा अडीच महिने सुजलेला आहे. सकाळी उठल्यावर अर्धा तास लंगडते. दांडिया बाजारातल्या बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘? जेआयए’, म्हणजे बालसंधिवाताची शंका, असं लिहून संधिवाततज्ज्ञांकडे जायला सांगितलंय. एजंट म्हणतो, आधी पाच लाखांची पॉलिसी घ्या (हप्ता 22,000), तपासण्या महिन्याने करा. यजमानांच्या कंपनीचा 3 लाखांचा समूह विमा आहे, 2 लाखांची एफडी आहे, मुलीचं सुकन्या खातं आहे.

ताई, थांबू नका. पॉलिसी घेतल्यावर पहिले 30 दिवस दावा मिळत नाही, ही अट नव्या आजारांसाठी असते. आधीपासूनच्या आजाराच्या दाव्यासाठी कंपनी 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. पॉलिसीपूर्वीच्या 36 महिन्यांत ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला दिला, तो आजारही ‘आधीचा’च धरतात, निदान नंतर झालं तरी. ती प्रश्नचिन्हवाली चिठ्ठी म्हणजे नेमका तोच सल्ला. फॉर्मवर ती लपवली तर दावा तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

शिवाय या आजाराचा बराचसा खर्च ओपीडीतला. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, एएनए या रक्ततपासण्या, गुडघ्याचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी, मग आठवड्यातून एकदाच (रोज नव्हे) घ्यायची मेथोट्रेक्सेट (या आजारावरची नेहमीची गोळी किंवा इंजेक्शन) आणि तिच्यामुळे सुरुवातीला दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या. साधी पॉलिसी यातलं जवळपास काहीच देत नाही. मग 22,000 कशासाठी? तेच बाजूला ठेवा, पहिल्या फेरीला उपयोगी पडतील.

उशीर महाग पडतो. सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला राहिला की दुसरी कारणं वगळून हे निदान करतात. एकाच गुडघ्याची सूज क्षयाचीही असू शकते, क्वचित रक्ताच्या कर्करोगाचीही. म्हणून निदानाआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका, खरा आजार झाकला जातो. आणि डोळे! या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, पण सहसा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. एएनए पॉझिटिव्ह आलं तर या वयात दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आतलं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) तपासणी लागते. सयाजी हॉस्पिटलच्या नेत्रविभागात ती नाममात्र खर्चात होईल. मुलांचे संधिवाततज्ज्ञ देशातच मोजके आहेत. अहमदाबाद-मुंबईच्या फेऱ्यांचं भाडंही हिशेबात धरा.

पैसे कमी पडले तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल) घ्या. 30,000 सहा महिने वापरले आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त पडलं, तर निव्वळ भुर्दंड सुमारे 300 रुपये. सुकन्या विसरा: अर्धी रक्कम काढता येते ती शिक्षणासाठी आणि मुदतीआधी खातं बंद होतं ते प्राणघातक आजारासारख्या कारणाने, तेही पाच वर्षांनंतर. ठराविक आजारांच्या उपचारखर्चावर करसवलत देणाऱ्या प्राप्तिकराच्या 80डीडीबीच्या यादीतही संधिवात नाही.

मोठा खर्च येतो तो मेथोट्रेक्सेटने भागलं नाही आणि अडालिमुमॅबसारखं बायोलॉजिक (जैविक पद्धतीने बनवलेलं इंजेक्शन) सुरू करावं लागलं तर. देशी बायोसिमिलर (त्याच औषधाची मिळतीजुळती आवृत्ती) स्वस्त पडतं, तरी महिन्याला हजारांतच. घरी टोचलं तर विमा सहसा देत नाही. रुग्णालयात डे-केअर म्हणून दिलं तर बऱ्याच पॉलिसींत मोनोक्लोनल अँटिबॉडीसाठी (अडालिमुमॅब त्यातलंच) वेगळी मर्यादा असते. म्हणून यजमानांना एचआरकडून तीन गोष्टी मेलवर लेखी विचारायला सांगा: समूह विम्यात आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत का, मुलीचं नाव जोडलंय का, या इंजेक्शनची मर्यादा किती. नोकरी बदलायची असेल तर आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा. पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो.