गटसहलीची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मला प्रवासाची अतोनात आवड आहे. नोकरी सांभाळून गटसहली काढाव्यात, असे मनात आहे. पहिली सहल लडाखची काढावी का?

उत्तर : मुळीच काढू नये. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने विमानाने उतरल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी लागते, आणि उत्साही मंडळींना खोलीत बसवून ठेवणे नवख्या आयोजकाला जमत नाही. (मलाही अजून पुरते जमलेले नाही.) त्यापेक्षा अष्टविनायक निवडा. पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, महड व पाली रायगडमध्ये आणि सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात असल्याने मुक्काम, जेवण, गाडी या सगळ्यांची परीक्षा दोन-तीन दिवसांतच होते.

लेण्याद्रीला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. माझ्या पहिल्या सहलीत एका आजींच्या गुडघ्यांची चौकशी मी आधी केली नव्हती. मी वर आरतीत उभा असताना त्या पायथ्याशी, सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन, एकट्या बसून राहिल्या. तेव्हापासून नावनोंदणीच्या अर्जात गुडघ्यांसाठी वेगळा रकाना आहे आणि डोलीची चौकशी मी आदल्या दिवशीच करतो. तारीख ठरवताना मात्र चतुर्थी टाळा. सारा दिवस रांगेतच जातो.