ग्रामीण आणि आदिवासी भागात डिमेन्शियावरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशावरचं, संशोधन केंद्र चालवताना सगळ्यात अवघड काय असतं? पैसा, यंत्रं की माणसं?

तिन्ही अवघड आहेत, पण तिन्हींची सवय होते. मला शेवटपर्यंत छळलं ते मोजपट्टीनं.

मेळघाटात, धारणीच्या बाजूला, असं एक केंद्र मी सहा वर्षं सांभाळलं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक जीप, रक्ताच्या नमुन्यांसाठी डीप फ्रीझर आणि वीज गेली की त्याच्याकडे बघत बसणारे आम्ही. एमआरआय करायचा तर सेमाडोहवरून घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती. म्हातारं माणूस एवढ्या प्रवासानंच गोंधळून जायचं.

पहिल्या वर्षी आम्ही रूढ चाचणी जशीच्या तशी मराठीत आणली. आज तारीख कोणती? शंभरातून सात वजा करत जा. ही आकृती बघून तशीच काढा. जिनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही ती आजी आकृती काय काढणार? तिच्या घरात कॅलेंडर नाही, बाजाराचा वार तेवढा पक्का ठाऊक. जगभर वापरली जाणारी दहा शब्दांची एक यादी आहे. ऐकायची आणि थोड्या वेळानं आठवून सांगायची. तिच्यात समुद्रकिनारा आहे, केबिन आहे, राणी आहे. सातपुड्याच्या डोंगरात किनारा! निकाल आले तेव्हा गावंच्या गावं आजारी निघाली. उलट एका निवृत्त गुरुजींना ३० पैकी २८ गुण मिळाले आणि त्यांची बायको दारामागून मला खुणा करत होती. नंतर कळलं, गुरुजी दोनदा शेतातून घरी यायची वाट चुकले होते, म्हणून तिनं गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली होती.

हा घोळ आमच्यापुरता नाही. हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात भारत-अमेरिका असा मोठा अभ्यास झाला. निरक्षरांना चालेल अशी हिंदी चाचणी त्या मंडळींनी मुद्दाम घडवली, आणि तिथे अल्झायमरचं (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) प्रमाण जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी निघालं. पुढे २०२३ साली देशव्यापी पाहणीचे आकडे आले: साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शिया ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. मग खेड्यातला म्हातारा शाबूत की आजारी? व्याख्या, वयोगट, पद्धत सगळंच वेगळं, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. पण माझं मत विचाराल तर शाळा न पाहिलेल्या माणसाला चाचणी उगाच खाली ढकलते. आणि ज्या घरात म्हाताऱ्याकडून कामाची अपेक्षाच नसते, तिथे त्याचं काय बिघडलंय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. चूक दोन्हीकडून होते.

आम्ही मग गुणांवरचा भर कमी केला आणि घरच्यांना विचारायला लागलो. मोहाच्या झाडापर्यंत जाऊन परत येते का? सण कोणता जवळ आलाय ते कळतं का? लुगडं नीट नेसते का? शंभरातून सात गेले, वीसातून तीन आले. वयाचा दाखला नसतोच, तेव्हा 'व्याघ्र प्रकल्प आला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?' असं विचारून १९७४ वरून हिशेब लावायचा.

भाषेचं तर वेगळंच. इथल्या आदिवासींची कोरकू ही मुंडा कुळातली, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. दुभाष्या म्हणून नातू बसवला की तो आजीची लाज राखायला उत्तरं पुरवतो. एकदा तर नातवालाच पैकीच्या पैकी गुण पडले म्हणायचे.

आणि मुळात याला कुणी आजार मानत नाही. 'बुढी चयली', म्हातारी चळली, झालं. साठी बुद्धी नाठी ही म्हण शहरातही चालतेच की. आम्ही 'स्मृतिभ्रंश तपासणी' असा फलक लावला त्या दिवशी एक माणूस आला, तोही पत्ता विचारायला. डोळे आणि कान तपासतो म्हटल्यावर रांग लागली. ही फसवाफसवी नव्हती. न ऐकू येणं आणि मोतीबिंदू यांनी चाचणीचे गुण पडतातच, शिवाय टाळता येण्याजोग्या ज्या १४ धोक्यांची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये दिली, तिच्यात ऐकू न येणं आणि दृष्टी जाणं दोन्ही आहेत. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांतून वाढलेला विसराळूपणा आम्ही तिथेच पकडू शकलो. संशोधनाच्या पैशातून औषध द्यायचं की नाही यावर आमच्या वरिष्ठांशी माझं बरंच वाजलं. रक्त घ्यायचं आणि गोळी द्यायची नाही, हे मला जमलं नसतं. गावानंही दुसऱ्यांदा दारात उभं केलं नसतं.

संमतिपत्रावर अंगठा घेताना बाहेरचा निःपक्ष साक्षीदार लागतो. आम्ही सरपंचाला बोलवायचो. ते चुकलं, कारण सरपंचासमोर नाही कोण म्हणणार?

वेळापत्रक होळीवरून ठरवा. दिवाळीनंतर तरणी माणसं कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. मधल्या काळात घरी म्हातारी आणि तिच्या भरवशावर ठेवलेली दोन-तीन नातवंडं. माहिती द्यायला मोठं माणूस नसतं, आणि म्हातारीलाच विसरायला होत असेल तर त्या पोरांचं काय, हा कप्पा कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता. आम्ही तो पेनानं समासात लिहायचो.

यंत्रांची यादी नंतर करा. आधी भुमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, भेटा. कुणाच्या वागण्यात फरक पडलाय हे त्याला आशाताईंच्याही आधी माहीत असतं. आणि जीपवर चालक ठेवाल तो कोरकू बोलणारा ठेवा. आमचा होता. आम्ही आत प्रश्न विचारत असताना तो अंगणात बसायचा आणि निघताना गाडीत खरी उत्तरं सांगायचा.