‘लोक काय म्हणतील’ ही भीती ख्रिस्ती श्रद्धेने जाते का?

माझी पूर्ण गेली नाही, कमी मात्र नक्की झाली. मी वसईच्या पाचूबंदरचा. घरात कोळी बोली, त्यामुळे ‘पाणी’चं ‘पानी’ व्हायचं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिल्यांदा बायबलचं वाचन करायचं होतं तेव्हा घामाने कागद ओला झाला होता. मागच्या बाकावरची पोरं हसणार, एवढंच डोक्यात.

त्या आठवड्यात बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान उघडलं. १८व्या अध्यायात येशूला अटक झालीय आणि त्याचा शिष्य पेत्र, आमच्यासारखाच मासेमार, अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा आहे. आधी दारावरच्या दासीने विचारलं, मग शेकोटीपाशी इतरांनी, आणि गडी घाबरला. येशूला ओळखत नाही म्हणाला, तेही तीनदा. २१व्या अध्यायात, येशू मरणातून उठल्यावर, पुन्हा कोळशाचा विस्तव, या वेळी समुद्राकाठी. त्यावर मासे, शेजारी भाकर. जाळ्यात १५३ मासे (मोजलेही, कोळीच ते!). येशू ‘तेव्हा का घाबरलास’ असं विचारतच नाही. आधी न्याहारी देतो, मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि कळप, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हाती सोपवतो.

मला हे भिडलं. ज्याच्या मताने खरा फरक पडतो, त्याने आधीच जेवायला बोलावलंय. येशूचा प्रेषित पौलही बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की माणसांनी केलेल्या न्यायाचं त्याला फारसं काही वाटत नाही, न्याय करणारा प्रभू आहे.

छातीत धडधडून घराबाहेर पडणंच बंद झालं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा, त्यात कमीपणा नाही.

वाचनात मी दोनदा ‘पानी’ म्हणालो. पोरं हसली. पुढच्या महिन्यात फादरांनी पुन्हा माझंच नाव लावलं.