देवगड हापूसमध्ये एवढं काय आहे? पाडव्याला महागाची पेटी घेतली ती आंबट निघाली, फसवलं का?

फसवलं असेल किंवा नसेलही. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात हे सगळ्यांना माहितीये, २०१८ ला जीआय (कुठल्या भागाचा माल ते ठरवणारं सरकारी मानांकन) मिळालं तरी पुठ्ठ्यावर कोण काय छापतंय ते बघायला कुणाला वेळ आहे. पण तुम्ही पाडव्याला घेतलात म्हणताय ना, मग तो अस्सल देवगडचा असून पण आंबट निघू शकतो, आणि हे मी आमच्याच बागेवरनं सांगतोय.

बाग आम्हा दोघा भावांची, पण काढणी कधी करायची ते दादा ठरवणार. बाबा होते तोवर नियम एकच, आंबा सोळापैकी चौदा आणे तयार झाल्याशिवाय झेला (आंबा उतरवायची जाळीची काठी) लावायचा नाही. म्हणजे खांदे भरून देठाच्या वर आलेले, गडद हिरवा रंग उतरलेला, झाडाखाली एखाददुसरा पाड (झाडावरच पिकलेला आंबा) पडायला लागलेला. दादाचं म्हणणं, मार्चमध्ये जो रेट मिळतो त्याच्या निम्मापण मेमध्ये मिळत नाही, मग थांबायचं कशाला. एका पाडव्याला त्याने दहा-अकरा आण्यांचाच माल उतरवला. मी भांडलो, आई पण बोलली, ऐकतोय कोण. त्यातलीच एक पेटी पुण्याला आत्याकडे गेली. आठ दिवस झाले, दहा झाले, पेंढ्यात साल नुसती सुरकुतली, आत फिकट आणि चव लिंबासारखी. आतोबांनी फोन करून विचारलं, काय रे, कर्नाटकचा पाठवलात का? आणि दादा म्हणतो पुण्याच्या लोकांना पिकवता येत नाही! अहो पिकायला आंबा आधी तयार तर पाहिजे. कोवळ्याला कार्बाइड लावा (बंदी आहे, तरी लावतात) नाहीतर इथिलीनच्या चेंबरमध्ये ठेवा, साल पिवळी होईल, गोडी कुठून आणणार?

त्याचा दुसरा मुद्दा साक्याचा, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो. झाडावर जास्त ठेवला की साका वाढतो हे खरंय, आणि तो बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतं. पण म्हणून दहा आण्यांना उतरवायचा? चौदा आणे हा त्यासाठीच ठरलेला हिशोब आहे ना. झाडाखाली गवत अंथरून जमीन तापू दिली नाही तरी साका कमी होतो, ते सांगितलं की मजुरी तू देतोस का म्हणतो.

बाकी एवढं काय आहे विचाराल तर रेषा नाही, साल पातळ, आणि वास असा की दारातून आत आल्या आल्या कळतं घरात आंबा पिकलाय. केसर पण गोड असतो पण हापूसच्या गोडीत जो किंचित आंबटपणा मुरलेला असतो तो त्यात नाही. ज्याला पटत नाही त्याने खुशाल केसर खावा, पैसे तरी वाचतील.

एप्रिल संपत येईपर्यंत थांबा, भाव पण उतरतो. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक दिसली तर घेऊ नका, हिरवट घ्या, घरी पेंढ्यात पिकवा, कच्चा फ्रिजमध्ये टाकू नका.

हां, एक राहिलंच, ज्या वर्षी मोहोर लवकर धरतो त्या वर्षी मार्चचा आंबा पण खरोखर तयार असतो, त्यामुळे पाडव्याचा सगळाच आंबा वाईट असं नाही. आमच्या दादाने उतरवलेला असेल तर मात्र आंबटच.