२१-२२ डिसेंबरचा सर्वात लहान दिवस घरच्या घरी कसा साजरा करता येईल?

आमच्याकडे या दिवशी गच्चीवर काठी उभी करतात, एवढंच. पण मुलं वर्षभर त्याची वाट बघतात.

एक मीटरची सरळ काठी कुंडीत ताठ रोवा. पुण्यात साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी सूर्य बरोबर दक्षिणेला येतो. त्या वेळी सावली जवळपास ९० सेंटीमीटर भरते. तिच्या टोकाला खडूपेक्षा ऑइलपेंटने खूण करा, खडू टिकत नाही. मग दर महिन्याला त्याच काठीची दुपारची सावली मोजा. ती आखडत जाते आणि मे महिन्याच्या मध्याला एका दुपारी चक्क गायब होते. उत्तरायण म्हणजे या दिवसापासून सूर्याचं उत्तरेकडे सरकणं, हे मला शाळेत नाही, या गच्चीवर कळलं.

‘पण उत्तरायण तर संक्रांतीला ना?’ असं आजी विचारतेच. एकेकाळी दोन्ही एकाच सुमारास येत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, म्हणून संक्रांत पुढे सरकत १४-१५ जानेवारीवर आली. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र २२ डिसेंबरलाच १ पौष असतो.

जेवायला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वांगी, गाजर, पावटा घातलेली भोगीची भाजी करा. भोगीला अजून वेळ असला तरी बाजारात हे सगळं आलेलं असतं. आजी आधी कुरकुरते, मग दुसरी भाकरी मागते.