बहुमत आणि मताधिक्य

प्रश्न असा आला आहे: प्रचाराच्या फलकावर ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’ असतं आणि निकालाच्या बातमीत ‘मताधिक्याने विजयी’. यातलं बरोबर कोणतं?

उमेदवाराबद्दल बोलायचं तर मताधिक्य. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा जितकी मतं जास्त पडली, ते त्याचं मताधिक्य. म्हणून त्याला आकडा जोडता येतो: दहा हजारांचं मताधिक्य. बहुमत म्हणजे पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त, आणि लोकसभा-विधानसभेला तशी अटच नाही. मतं ४०, ३५ आणि २५ टक्के अशी विभागली, तर ४० टक्केवाला निवडून येतो. ६० टक्के मतं त्याच्याविरुद्ध गेलेली असतात. फलकावरचं ‘बहुमताने’ मी चालवून घेईन, शेवटी ती मागणी आहे आणि मागताना हात आखडता कशाला घ्यायचा? ‘बहुमतांनी’ हे अनेकवचन मात्र अजिबात नको. बहुमतं अनेक कशी असतील?

निम्म्याहून कमी मतांवर मिळालेल्या विजयासाठी राज्यशास्त्रीय लिखाणात ‘सापेक्ष बहुमत’ हा शब्दही दिसतो. मला तो फसवा वाटतो. जे निम्म्यापर्यंतही पोचलेलं नाही, त्याला बहुमत म्हणायचं कशाला? ‘सर्वाधिक मतं’ म्हटलं की काम भागतं. अपवाद विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचा. तिथे पसंतीक्रमाने मतदान होतं आणि विजयाचा कोटाच, म्हणजे जिंकायला लागणारी मतसंख्या, वैध मतांच्या निम्म्याहून अधिक असतो.

पक्षाबद्दल बोलताना बहुमत जागांचं असतं, आणि खरा घोळ इथेच होतो. २०१४ साली भाजपला सुमारे ३१ टक्के मतं पडली आणि २८२ जागा मिळाल्या, म्हणजे ५४३ च्या लोकसभेत स्वबळावर बहुमत. २०२४ साली मतं ३६ टक्क्यांच्या वर गेली, पण जागा २४०, म्हणजे बहुमत हुकलं. १९८४ साली काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला, तेव्हाही तिच्या मतांनी पन्नाशी गाठली नव्हती. त्यामुळे ‘जनतेने बहुमत दिलं’ हे वाक्य जागांपुरतं खरं. त्यावरून ‘बहुसंख्य मतदार आमच्या बाजूने आहेत’ असा दावा कुणी केला, तर मतांची टक्केवारी विचारावी.

सभागृहात याच शब्दाला विशेषणं लागतात. ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडलं गेलं. मांडायला साधं बहुमत पुरतं, म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त. मंजुरीला विशेष बहुमत लागतं: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. त्या दिवशी मत दिलेल्या ४६७ जणांचा हिशेब धरला, तरी दोन तृतीयांशासाठी ३१२ मतं लागतात, आणि बाजूने होती २६९. अशा बातमीत नुसतं ‘बहुमत’ लिहिलं, तर त्यातून काहीच कळत नाही.