भंडारदऱ्याला कॅम्पिंगला गेल्यावर तंबूवरची लाइटची माळ रात्रभर चालू ठेवली तर चालते का?

नाही, साडेदहा-अकराला आजूबाजूचे तंबू झोपायला लागले की माळ बंद करा. तंबूचं कापड पातळ असतं. त्यात माळ लुकलुकणारी असली तर शेजाऱ्याला उशाशी रात्रभर पोलिसांची गाडी उभी असल्यासारखं वाटतं (मी त्या शेजारच्या तंबूत झोपलोय, म्हणजे झोपलो नाहीच). शिवाय तारे बघायला आलेल्यांचे डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात, ती मेहनत एका पांढऱ्या झोतात वाया जाते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर माळ घरीच ठेवा. काजव्यांचा हंगाम असतो. नर चमकून मादीला खूण करतो आणि उजेडात ती खूण तिला दिसतच नाही. अपवाद एवढाच की संडासाच्या वाटेवर किंवा तंबूच्या दोऱ्यांपाशी, जमिनीलगत, एखादा मंद पिवळा किंवा लाल दिवा ठेवायला हरकत नाही, कारण अंधारात दोरीत पाय अडकून पडणारे कमी नसतात. विंचवा-सापाची धास्ती असेल तर माळेचा काही उपयोग नाही, टॉर्च उशाशी ठेवा आणि बूट झटकून घाला.